दोन दिवस मॉरिशसच्या किनाऱ्यावर

पृथ्वीचा गोल हातीं घेऊन पाहिलें, तर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएकवीस अंशांवर माझें धारणी गांव येतें. विषुववृत्ताच्या पलीकडे जवळजवळ तितकेंच अंतर मोजून थोडें पश्चिमेकडे सरकलें, कीं हिंदी महासागरांत एक ठिपका दिसतो, तो मॉरिशस. लांबी सुमारें ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आमचा एकटा मेळघाटच त्याहून मोठा भरेल. आम्हां मेळघाटांतल्या माणसांना समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकांतील निळा रंग. तो रंग मीं तीस-पस्तीस वर्षें मुलांना नकाशावर बोटानें दाखविला. प्रत्यक्ष समुद्र मात्र मुंबईस एकदां, तोहि धुरकट, पाहिलेला. तेव्हां माझ्यासारख्यानें समुद्रकिनाऱ्यावर भाषण करावें ह्यांत थोडें धाडसच आहे.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त त्या बेटावर आहे. गेल्या ऑगस्टांत त्यानें मला बोलावून घेतलें. परंतु मला सांगावयाचें आहे तें तेथील एका स्नेह्याविषयीं. हे गृहस्थ मराठीचे शिक्षक. कांहीं वर्षांपूर्वीं ते पुण्यास आले असतां आमची ओळख झाली आणि तेव्हांपासून पत्रव्यवहार चालू राहिला. आतां तेहि सेवानिवृत्त आहेत. ते मला 'गुरुजी' म्हणतात, मी त्यांना 'मास्तर' म्हणतों. एका शनिवारीं सकाळीं त्यांनीं आपली जुनी मोटार काढली, आणि राजधानीच्या पोर्ट लुई शहरापासून बेटाच्या दक्षिण टोंकापर्यंत दोन दिवस मला किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडविलें.

प्रवासाचा आरंभ त्यांनीं पुळणीवर केला नाहीं. नऊ वाजतां ते मला बंदराजवळच्या एका जुन्या दगडी आवारांत घेऊन गेले. ह्या जागेचें नांव आप्रवासी घाट. आमच्या कानाला घाट म्हणजे डोंगर चढण्याची वाट. येथें घाट म्हणजे बोटीवरून उतरण्याच्या पायऱ्या. इंग्रजांनीं हें बेट फ्रेंचांकडून १८१० सालीं घेतलें. उसाच्या मळ्यांवर तेव्हां आफ्रिकेंतून आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबत असत. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी बंद झाली. पण मळेवाल्यांनीं त्यापूर्वींच हिंदुस्थानाकडे हात पसरला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अॅटलस' नांवाचें जहाज छत्तीस मजूर घेऊन बंदरांत आलें. त्यानंतरच्या पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख माणसें करारावर, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेंत गिरमिटावर, ह्या बेटावर उतरलीं. ह्या आवाराचें बांधकाम १८४९ चें. २००६ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशांत स्थान दिलें; तोंवर मूळच्या बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग नाहींसा झाला होता.

ह्या मजुरांत कलकत्त्याहून निघालेले भोजपुरी बोलणारे फार. मद्रासेहून तमिळ व तेलुगु आले. मुंबई बंदरांतून गेलेले त्या मानानें थोडे, आणि त्यांत रत्नागिरीकडचे मराठी कुणबी-मजूर. प्रत्येक मजुराला एक आंकडा मिळे. त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, गांव, जहाज हें सारें वहींत लिहिलें जाई. ह्या वह्या आज मोका गांवच्या महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवल्या आहेत. माझ्या स्नेह्यांनीं तेथून आपल्या पणज्याच्या नोंदीची नक्कल आणली आहे. ती त्यांच्या मोटारींत विम्याच्या कागदांबरोबर एका पाकिटांत असते! कारकुनानें आडनांव विचारलेंच नाहीं, किंवा विचारलें तें पणज्याला कळलें नाहीं. त्यामुळें पणज्याचें पाळण्यांतलें नांव तेंच पुढें साऱ्या घराण्याचें आडनांव होऊन बसलें. बाबाजी, गोविंद अशीं आडनांवें तेथें पुष्कळ. कोणाच्या तरी आईनें हांक मारावयाला ठेवलेलीं नांवें तीं.

गांव सोडून दक्षिणेला लागलों आणि दोन्ही बाजूंस ऊस सुरू झाला. ऑगस्ट म्हणजे तेथें हिंवाळ्याचा शेवट आणि उसाच्या तोडणीचे दिवस. ह्या उसांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. कांहीं तर ओटे रचल्यासारखे पायरीपायरीनें वर गेलेले. आधीं गुलामांनीं आणि मागून मजुरांनीं जमीन साफ करतांना वेंचलेले हे दगड आहेत. मीं मोटार थांबवावयास सांगून एक दगड हातांत घेतला. सच्छिद्र, काळा, जड. चिखलदऱ्याच्या वाटेवर पायाला ठेंचाळतो तोच हा! आणि हें केवळ माझ्या डोळ्यांना वाटलें असें नाहीं. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या सुमारास पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त जागेवर दख्खनचें पठार होतें आणि जिच्या लाव्ह्याच्या थरांनीं आमचा सातपुड्याचा गाविलगडहि घडला, तीच जागा भूमीचें कवच उत्तरेकडे सरकत गेल्यावर समुद्राखालीं राहिली. तिनेंच पुढें ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढलें, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. शेजारच्या रेयुनियों बेटावर तिचा ज्वालामुखी अद्यापि धगधगतो आहे. म्हणजे रत्नागिरीचा जो माणूस हजारों कोस ओलांडून येथें दगड वेंचावयास आला, त्यानें आपल्या परसांतल्याच दगडाचे भाऊबंद वेंचले. मास्तरांना हें मीं सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, हें पणजोबांना कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं दगड कमी उचलला असता काय?"

दुपारीं फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर पोंचलों. श्रोतेहो, ह्या किनाऱ्याचें वर्णन मी थोडक्यांत करतों, कारण चित्रांतून तो आपण पाहिलेलाच आहे, आणि चित्रें ह्या बाबतींत खोटीं नाहींत. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोंवतीं पोंवळ्यांचा बांध आहे. महासागराची लाट त्या बांधावर फुटते. आंत येतें तें शांत, तळ दिसणारें, फिकट हिरवें पाणी. कांठाला सुरूच्या झाडांची रांग. शनिवार असल्यामुळें घरेंच्या घरें तेथें भाताचीं पातेलीं घेऊन उतरलीं होतीं. एका हातगाडीवर 'गातो-पिमां' नांवाचा पदार्थ कागदांत बांधून मिळाला. फ्रेंच नांव काढून टाकलें तर तो आपला हिरव्या मिरचीचा डाळवडाच. दुसऱ्या गाडीवर 'धोल-पुरी', म्हणजे डाळ भरलेली पोळी.

भर दुपारीं मी वाळूंत उभा राहिलों आणि माझी सांवली पाहूं लागलों. ती दक्षिणेकडे पडली होती! सूर्य उत्तरेस. दक्षिण गोलार्धांत असें होतें हें मीं मुलांकडून किती वेळां घोकून घेतलें होतें. पण साठी उलटल्यावर स्वतःची सांवली चुकीच्या बाजूला पडलेली पाहून गंमत वाटली. मास्तरांना त्यांत कांहींच नवल दिसेना. त्यांची सांवली बहुतेक वर्षभर तिकडेच पडते.

आतां मास्तरांच्या मराठीविषयीं. ती अगदीं स्वच्छ आहे, छापील पुस्तकासारखी. कर्ता, कर्म, क्रियापद सारें जागच्या जागीं. मी बोलतां बोलतां "काहून?" म्हणालों, कीं ते मोटार हळू करीत आणि विचारीत, "हा शब्द कोणत्या कोशांत मिळेल?" त्यांची आई घरांत मराठी बोले, ती कोंकणची, वडील क्रेओल बोलत. क्रेओल म्हणजे फ्रेंच शब्दांवर गुलामांनीं व मळेवाल्यांनीं मिळून उभारलेली बोली. आज बेटावरील बहुतेक घरांत तीच आहे, मग घर कोणत्याहि वंशाचें असो. शाळा व कचेरी इंग्रजींत, वर्तमानपत्रें बहुतेक फ्रेंच, बाजार आणि भांडण क्रेओलमध्यें. मराठी राहिली ती देवळांत, नभोवाणीच्या एखाद्या कार्यक्रमांत आणि शाळेच्या एका तासांत. प्राथमिक शाळेंत मूल हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगु, मराठी अशी एक भाषा निवडूं शकतें. त्या एका तासावर माझ्या स्नेह्यांचा सारा जन्म गेला.

रात्रीं त्यांच्या घरीं मुक्काम होता. घर कास्काव्हेलच्या बाजूस, उसाच्या कडेला. गणपति जवळ आले होते. १८९६ सालीं हेन्रिएटा गांवीं एका मराठी घरानें पहिला गणपति बसविला असें सांगतात. आज गणेशचतुर्थीची साऱ्या देशाला सुटी असते. शेजारच्या अंगणांत तरुण मुलें 'झाकरी'ची तालीम करीत होतीं. कोंकणांतला जाखडीचा नाच तो हाच. ढोलकीचा ठेका पक्का, पावलें पक्कीं. गाण्याची वही मीं उघडून पाहिली. शब्द मराठी, अक्षरें इंग्रजी.

जेवतांना घरांतला खरा प्रश्न पुढें आला. मास्तरांची नात पांच वर्षांची होणार. जानेवारींत ती पहिलींत जाईल. शाळेच्या कागदावर एका रकान्यांत निवडलेली भाषा लिहावयाची असते. २०१२ पासून त्या यादींत क्रेओलहि आली आहे. सूनबाई मूळच्या भोजपुरी घरच्या. माझ्याशीं हिंदींत बोलत. त्यांचें म्हणणें असें कीं, मूल ज्या भाषेंत हंसतें आणि स्वप्नांत बडबडतें, त्या भाषेला आजवर कोणीं शाळेंत उभें केलें नव्हतें. आतां दार उघडलें आहे तर आपल्या मुलीनें त्यांतून जावें. मास्तरांना हें मान्य नव्हतें. ते मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही महाराष्ट्रांतून आलां आहां. तुम्ही दोन शब्द सांगा."

श्रोतेहो, ही विनंती भलत्याच माणसाकडे आली होती. धारणीच्या शाळेंत माझ्यापुढें बसलेलीं बहुतेक मुलें कोरकूंचीं. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. मुंडा कुळांतील ती स्वतंत्र भाषा आहे. तिच्या सख्ख्या बहिणी झारखंडाकडे, संथाळी आणि मुंडारी. पहिलींत आलेलें कोरकू मूल रानांतल्या शंभर झाडांचीं नांवें जाणतें; पुस्तक उघडलें कीं मुकें होतें, कारण पुस्तक माझ्या भाषेंत असतें. मी मोडकेंतोडकें कोरकू शिकून घेतलें तें ह्याचसाठीं. तेथें मराठी ही कचेरीची, तलाठ्याची, बसच्या पाटीची भाषा आहे. तिला माझ्या वकिलीची गरज नाहीं. धारणींत कोणी सूनबाई असें बोलल्या असत्या, तर मी त्यांच्या बाजूनें हात वर केला असता. आणि येथें तीच मराठी परक्या घरच्या पाहुणीसारखी रकान्याच्या दारांत उभी होती.

मी उत्तर देणार तेवढ्यांत नातीनें ताट पुढें केलें आणि आईला कांहीं म्हणाली. वाक्य सारें क्रेओल; मधला एक शब्द मात्र मला कळला. 'वाईच.' तिला लोणचें वाईच हवें होतें. मास्तर लगेच म्हणाले, "वाईच नव्हे बाळ, थोडें." मीं विचारलें, हा शब्द हिला कोणीं शिकविला? मास्तरांच्या आईचा तो. म्हातारी शेवटचीं तीन वर्षें अंथरुणाला होती. तिचें सारें सूनबाईंनीं केलें. वाईच पाणी, वाईच ऊठव, वाईच थांब. मराठी न येणाऱ्या सुनेच्या तोंडीं तो शब्द बसला आणि तिच्याकडून मुलीकडे आला. मास्तरांनीं स्वतः तो लहानपणींच सोडला होता. शाळेच्या पुस्तकांत तो नव्हता.

त्या रात्रीं मी एवढेंच म्हणालों कीं, उद्यां बोलूं.

रविवारीं सकाळीं ल मॉर्नच्या टेंकाडाखालीं बसलों. समुद्रांत घुसलेला हा ५५६ मीटर उंचीचा काळा कडा. पळून आलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. अशी कथा सांगतात कीं, १८३५ च्या फेब्रुवारींत गुलामगिरी संपल्याचें सांगावयास शिपायांची तुकडी तेथें गेली. वर असलेल्यांना वाटलें, पकडावयास आले. आणि त्यांनीं कड्यावरून उड्या घातल्या. कथेला कागदाचा पुरावा किती, हा वाद अभ्यासकांचा. २००८ सालीं ही जागाहि जागतिक वारशांत आली. खालीं पाणी इतकें निवांत होतें कीं कथा ऐकून त्याचा राग यावा.

तेथें मीं मास्तरांना धारणीची गोष्ट सांगितली आणि माझें मत लपविलें नाहीं. मीं म्हटलें, रकाना भरण्याचा हक्क आईबापांचा. आपण दोघे निवृत्त मास्तर. शिवाय तुमच्या घरांत मराठीचा जो एक शब्द खरोखर जिवंत आहे, तो तासाला बसून आलेला नाहीं. आणि तोच तुम्ही खोडून काढतां.

मास्तर रागावले नाहींत, पण त्यांनीं दिलेलें उत्तर मला अजून आठवतें. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कोरकू मुलाला त्याची भाषा आई देते, रान देतें, बाजार देतो, शाळेनें नाकारली तरी संध्याकाळीं ती घरीं वाट पाहत असते. माझ्या नातीला एक शब्द मिळाला आहे. एका शब्दानें लोणचें मागतां येईल; आजीच्या आईनें लिहविलेलें पत्र वाचतां येणार नाहीं. आणि तास घेणाऱ्या मुलांची संख्या घटली कीं शिक्षकाची जागा जाते. जागा गेली कीं पुढच्या मुलाला निवडावयाला रकानाच उरत नाहीं." ह्यांतला शेवटचा मुद्दा पक्का हिशेबाचा होता, आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतें. आमच्याकडेहि पट घटला कीं शाळेचें काय होतें तें मला ठाऊक आहे.

तेथून पुढचा रस्ता दक्षिण किनाऱ्यानें जातो. एका बाजूस डोंगर, दुसरीकडे हाताच्या अंतरावर पाणी. बे-द्यु-काप गांवाजवळ रस्ता खडकाला असा वळसा घालतो कीं मास्तर बोलणें थांबवून दोन्ही हातांनीं चक्र धरतात. सुय्याकजवळ ग्रि-ग्रि नांवाची जागा आहे. तेथें पोंवळ्यांचा बांध तुटतो. दोन दिवस ज्या समुद्राला मी तळें समजत होतों, तो तेथें उघडा होऊन कड्यावर आपटतो; दक्षिणेस पुढें हिमखंडांपर्यंत जमीन नाहीं. वाऱ्यानें माझी टोपी उडविली आणि एका परक्या मुलानें ती धांवत जाऊन आणून दिली. मीं मराठींत आभार मानले, त्यानें क्रेओलमध्यें कांहीं म्हटलें, दोघांनाहि पुरलें.

परत येतांना मास्तरांनीं एकच प्रश्न विचारला. "'वाईच' शुद्ध आहे काय?" मीं सांगितलें, रत्नागिरीस जाऊन कोणत्याहि अंगणांत विचारा, तुम्हांला वाईच बसा म्हणतील.

डिसेंबरांत त्यांचें पत्र आलें. कागद भरला गेला. सूनबाईंनीं रकान्यांत मराठी लिहिलें. पण एक अट घालून. आजोबांनीं घरांत पोरीचें बोलणें सुधारावयाचें नाहीं, आणि क्रेओलच्या गोष्टींचीं पुस्तकें आणून देण्याचा खर्च आजोबांचा. मास्तरांनीं अट मान्य केली आहे. किती दिवस पाळतील ह्याची मला शंका आहे, कारण मास्तरकीची संवय निवृत्तीनें जात नाहीं. पत्राच्या शेवटीं त्यांनीं पहिलीचें बालभारतीचें पुस्तक मागितलें आहे, आणि त्याबरोबर कोशांत न सांपडणाऱ्या वऱ्हाडी शब्दांची एक यादी, अर्थासह. पुस्तक अमरावतीहून आणविलें आहे. यादी चालू आहे. 'काहून'पासून आरंभ केला, आणि चाळीस शब्दांवर आलों तेव्हां घरच्या मंडळींनीं आणखी वीस सुचविले. त्यामुळें टपाल अजून निघालेलें नाहीं.